उधारीवर टिकलेला शेजार

मागच्या वर्षी भाड्याचं घर शोधायचं होतं, माझ्यासाठी नाही, ऑफिसातल्या एका पोरासाठी. पोरगं चांगलं, पगार वेळेवर, बायको शिक्षिका, एक लेकरू. आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सातारा-देवळाईकडं नवीन बिल्डिंगी झाल्यात, तिकडं टू बीएचके रिकामे पडलेत असं कळलं म्हणून मीच एका मालकाला फोन लावला. मालक एकदम गोड बोलले. डिपॉझिट ठरलं, मेंटेनन्स ठरला, गाडी कुठं लावायची ते पण ठरलं, आणि मग फोन ठेवता ठेवता अगदी सहज, "नाव काय म्हणालात त्यांचं?" मी नाव सांगितलं. पलीकडं दोन सेकंद चिडीचूप. मग, "अहो मला काहीच प्रॉब्लेम नाही हो, पण सोसायटीचं जरा तसं आहे."

हे "सोसायटीचं जरा तसं आहे" त्या महिन्यात मी चार जणांकडून ऐकलं आणि गंमत बघा, चौघांनाही स्वतःला काहीच प्रॉब्लेम नव्हता. प्रॉब्लेम कायम सोसायटीला असतो, आणि सोसायटी म्हणजे कोण तर हेच चौघं, संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलेले. बरं हे एकाच बाजूनं चालतं असंही समजू नका. बीडकडच्या एका बौद्ध पोराला "आमच्याकडं नॉनव्हेज चालत नाही" म्हणून वाटेला लावलं, ते पोरगं अंडंसुद्धा खात नाही. आणि माझ्या ओळखीच्या एका मराठा पोराचं किराडपुऱ्याच्या, म्हणजे मुस्लिम वस्तीच्या, बाजूला गॅरेज आहे, त्यानं गॅरेजच्या जवळच खोली मागितली तर मालक म्हणाले, "भाऊ, हमकू कुछ नै, तुमकूच अच्छा नै लगेंगा इधर." शब्द वेगळे, सोसायटी तीच.

आमच्या ऑफिसातल्या पोराला शेवटी घर मिळालं. कुठल्या भागात ते सांगायची गरज नाही, तुम्हाला अंदाज आलाच असंल.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते जरा कडू लागंल. आपल्या शहरात इतक्या जातीधर्माची माणसं भिंतीला भिंत लावून राहिली ती एकमेकांवर लै प्रेम होतं म्हणून नाही राहिली. एकमेकांशिवाय त्यांचं दुपारपर्यंतसुद्धा भागत नव्हतं म्हणून राहिली. आता भागायलंय, म्हणून आपण वेगळे व्हायलोत. आणि हे खरं असंल तर मग एकतेच्या रॅल्या, सद्भावनेची भाषणं, इफ्तारला टोपी घालून काढलेले फोटो यातनं काही व्हायचं नाही, बाजार, नळ आणि भाड्याचं घर याकडं बघावं लागंल.

आधी नावाचं मिटवून टाकतो. १६१० ला मलिक अंबरनं हे वसवलं तेव्हा खडकी, त्याच्या पोरानं, फतेहखानानं, केलं फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून सरकारी कागदावर छत्रपती संभाजीनगर. मी पुढं नुसतं शहर म्हणणार आहे, कारण आपल्याकडं नावावरून सुरू झालं की नळाचं राहून जातं.

मलिक अंबर स्वतः हबशी, आफ्रिकेतनं गुलाम म्हणून विकत विकत इथवर आलेला माणूस, आणि त्यानं वसवलेल्या गावात पुढं कोण कोण येऊन बसलं ते नुसत्या मोहल्ल्यांच्या नावावरून कळतं. जयसिंगपुरा, जसवंतपुरा, करणपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा, भावसिंगपुरा हे सगळे मोगलांच्या राजपूत सरदारांचे तळ. आपण ज्या करणपुऱ्यात नवरात्रात देवीच्या यात्रेला जाऊन रहाटपाळण्यात बसतो तो बिकानेरच्या राजाच्या नावाचा आहे हे किती जणांना माहीत असतं देव जाणे. मग बेगमपुरा, उस्मानपुरा, नवाबपुरा. फाळणीनंतर सिंधी आले. १९५० ला बाबासाहेबांनी मिलिंद कॉलेज काढलं आणि नागसेनवनात मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातनं पत्र्याची पेटी घेऊन पोरं यायला लागली. नंतर चिकलठाणा आणि वाळूजची एमआयडीसी, मग काय, जालना, परभणी, बुलढाणा, बिहार, सगळेच. २०११ च्या जनगणनेत शहरात साधारण ५१ टक्के हिंदू, ३१ टक्के मुस्लिम आणि १५ टक्के बौद्ध निघाले. एवढी सरमिसळ महाराष्ट्रातल्या फार थोड्या मोठ्या शहरांत असंल.

गुलमंडीवरून पायी निघा आणि गल्लीबोळातनं शहागंजच्या घड्याळापर्यंत या. सुपारी हनुमान, मग राजाबाजारला संस्थान गणपती, ज्याची आरती झाल्याशिवाय विसर्जनाची मिरवणूक हलत नाही, त्याच अंगाला जैन मंदिर, धावणी मोहल्ल्यात भाई दयासिंगांच्या नावाचा गुरुद्वारा, आणि पुढं शहागंजची मशीद. तुम्ही मध्ये चहाला थांबला नाही तर अर्ध्या तासाच्या आत सगळं मागं पडतं. आणि या सगळ्यांच्या मधल्या जागेत देव नाहीत, दुकानं आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्यावर येतोच.

आमचं घर याच पट्ट्यात, वडलांचं शिलाईचं दुकान. दुकान म्हणजे काय, दोन मशिनी, एक पाट, वर माळा. आता एक शर्ट तयार व्हायला किती घरं लागायची ते सांगतो. कापड सिंध्याच्या दुकानातनं. दोरा, अस्तर, कॅनव्हास मारवाड्याकडनं. कटिंग आणि शिलाई आमची. मग काज-बटणाला शर्टांचा गठ्ठा जायचा मागच्या गल्लीतल्या आपाकडं, तिच्या घरात सासू, ती आणि दोन पोरी अशा चौघी मिळून काज करायच्या, नगावर पैसे. तिथनं इस्त्रीला परटाकडं. आणि मग गिऱ्हाईक. या साखळीत रोख पैसा फक्त शेवटच्या टोकाला यायचा, म्हणजे गिऱ्हाईकानं दिला तर. बाकी सगळं उधारीवर. दुकानात लाल कापडाच्या पुठ्ठ्याची एक लांबडी वही होती, त्यात वडील नावं लिहायचे नाहीत, धंदे लिहायचे. "बटण आपा १४०." "धागा शेठ ३१०." "इस्त्री ६५, दिवाळीला." आणि आमचं स्वतःचंही नाव त्या सगळ्यांच्या वहीत असंच कुठंतरी "टेलर" म्हणून पडलेलं असणार.

१९८८ ला महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि त्याच मे महिन्यात दंगल झाली. मी लहान होतो, मला कर्फ्यू म्हणजे शाळेला सुट्टी एवढंच कळायचं आणि शाळेला तशीही सुट्टीच होती, म्हणून तेवढा आनंद पण नव्हता. तिसऱ्या का चौथ्या दिवशी दोन तासांची सूट दिली. लोक दूध आणि भाजीला पळाले. आमच्या दाराची कडी वाजली, आईनं फटीतनं बघितलं तर बटण आपाची सासू, बरोबर तिची थोरली पोरगी, आणि दोघींच्या मध्ये चादरीत बांधलेला गठ्ठा. लग्नसराईची ऑर्डर होती, चाळीस-एक शर्ट असतील. तिला पैसे पाहिजे होते कारण घरात पीठ नव्हतं, वडलांना शर्ट पाहिजे होते कारण गिऱ्हाईक अंगावर येणार होतं. मी तिथंच उभा होतो. बाहेर काय झालं, कुणाचं जळलं, कुणी कुणाला मारलं, एक शब्द कुणी बोललं नाही. भांडण झालं ते दोन बटणांवरून. वडील म्हणाले डझनात दोन कमी भरलेत, म्हातारी म्हणाली तुम्हीच कमी दिलते. "अल्ला देखरा टेलरसाब, मैं क्या बटण खाई?" वडलांनी वही काढली, आकडा लिहिला, पैसे दिले. त्या गेल्या. आई म्हणाली, दोन बटणांसाठी कशाला बोललात. वडील म्हणाले, "बोललो नसतो तर तिला वाटलं असतं मी भ्यालो, नाहीतर मी तोडलं."

मला हे वाक्य समजायला तीस वर्षं गेली. नेहमीसारखं भांडणं ही त्या दिवशीची सगळ्यात मोठी खात्री होती. गिऱ्हाईकी चालू आहे, हिशेब चालू आहे, म्हणजे संबंध चालू आहे. शांतता समितीच्या बैठका पण झाल्या असतील, पोलीस स्टेशनात चहाबिस्किटं झाली असतील, पण आमच्या गल्लीत कर्फ्यू उठल्यावर कोण पहिल्यांदा कुणाच्या दारात गेला तर ज्याची बाकी होती तो.

भाषेचंही तसंच. आमच्याकडच्या दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दूत, "नक्को" आहे, तो सरळ आपला "नको". "वोइच", "मैंच", "अब्बीच" यातला "च" तर इतका मराठी आहे की लखनौचा माणूस ऐकून दचकतो. आणि आपण इकडं "हौ" म्हणतो, "कायकू टेन्शन घेतो" म्हणतो आणि पुण्यात गेलो की तिथले लोक हसतात. ही देवाणघेवाण कुठल्या संमेलनात ठरली नाही. भाव करताना झाली, रिक्षात झाली, म्हशीचं दूध पातळ का आलं यावर झाली.

आता मी जुन्या शहराचं कौतुक करायलोय असं वाटत असंल तर थांबा. ते सगळं छान होतं असं म्हणणारा एकतर तिथं राहिलेला नसतो नाहीतर तो घरातला पुरुष असतो. माझ्या आईला विचारा. गच्चीवर कपडे वाळत घातले तरी चार धर्मांच्या म्हाताऱ्या बघायच्या, आणि बहिणीनं कॉलेजला जाताना ओढणी कशी घेतली यावर सगळ्या धर्मांचं एकमत असायचं, तेवढी एकता मी नंतर कुठंच बघितली नाही. आणि सरमिसळ म्हणतो तीही शेजारी-शेजारी होती, आतबाहेर नव्हती. भोईवाडा, कुंभारवाडा, रंगारगल्ली, कासारी बाजार, नावातच जात आणि धंदा. माणसं एकमेकांच्या दुकानात यायची, ओट्यावर बसायची, चुलीपर्यंत कमीच. आमच्याकडं आपासाठी वेगळा कप होता. मी हे लिहायलोय कारण तो कप मला आठवतो, कानाला टवका उडालेला, मोरीच्या वरच्या फळीवर पालथा.

आणि दलितांना तर या देखण्या सरमिसळीत घर मिळालंच नाही. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव त्यांची घरं जाळली, तेव्हा जीव घेऊन जी माणसं शहरात आली ती गुलमंडीला नाही आली, कडेकडेच्या वस्त्यांमध्ये गेली. नाव बदलायला, म्हणजे नामविस्तार व्हायला, १४ जानेवारी १९९४ उजाडला. म्हणून कुणी "आमच्या वेळी सगळे गुण्यागोविंदानं राहायचे" असं म्हणलं की मी विचारतो, सगळे म्हणजे कोण कोण?

आणि गरज असली म्हणजे भांडण होत नाही असंही नाही. उलट गरजेची वस्तू अपुरी पडली की त्याच गल्लीत डोकी फुटतात. मे २०१८ ला मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज या भागात पेटलं, दोघांचा जीव गेला, दुकानं जळाली, आणि ठिणगी म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या गेल्या त्यात बेकायदा नळजोडण्या तोडण्याचं प्रकरण होतं. मोतीकारंजा, बरं का. कारंजा. ज्या मोहल्ल्याच्या नावात पाणी आहे तिथं पाण्यावरून. मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी मातीच्या पाइपातनं आणि दगडी नहरीतनं खेळवून शहरात आणलं होतं, चढउतारावर बंबे, म्हणजे पाण्याचे मनोरे, बांधून, कुठलीही मोटर नाही, आणि त्या नहरीचे अवशेष अजून हर्सूलच्या बाजूला दिसतात. पुढं दुसऱ्या नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली. आज आपण पैठणहून, जायकवाडीवरून, पन्नासेक किलोमीटर पाणी ओढून आणतो आणि ते कुठं पाचव्या दिवशी येतं, कुठं आठव्या. नवीन योजना होईल तेव्हा होईल. पण तोवर काय होतंय ते बघा. जुन्या गल्लीत पाणी रात्री अडीचला आलं तरी सगळ्यांना कळतं, कारण एकाच्या मोटरचा आवाज दुसऱ्याच्या उशाशी असतो, "ओ काकू, पानी आया" म्हणून कडी वाजते, आणि त्याच काकू सकाळी मोटर लावून आमचं पाणी ओढलंत म्हणून भांडतात. नवीन सोसायटीत टँकर येतो, वर्गणी ऑनलाइन जाते, भांडणही नाही आणि कडीही नाही.

तर लोक जुन्या शहरातनं निघाले त्याला कारण होतं आणि ते बरोबर होतं. मी पण निघालो. गाडी लावायला जागा नाही, ॲम्ब्युलन्स आत येत नाही, वाड्याला बारा वाटेकरी. सत्तरच्या दशकापासून सिडको, म्हणजे वसाहती वसवणारी सरकारी कंपनी, आली, एन-वन, एन-टू करत एन-थर्टीनपर्यंत गेली, लोकांना पहिल्यांदा स्वतःचा संडास आणि सरळ रस्ता मिळाला. सिडकोवर टीका करणं सोपं आहे, पण एक गोष्ट तिच्या बाजूनं बोलली पाहिजे. तिनं माणसं वेगळी केली ती उत्पन्नावरून केली, अल्प उत्पन्न इकडं, मध्यम तिकडं, फॉर्मवर पगाराचा दाखला लागायचा. म्हणून एन-सहा, एन-सातमध्ये अजून तुम्हाला एका रांगेत कुलकर्णी, शेख, गायकवाड, राठोड अशा पाट्या सापडतात, सगळ्यांची घरं तेवढीच बारकी आणि सगळ्यांनी सारखंच पुढं अतिक्रमण केलेलं.

नंतर जी शहरं वाढली, म्हणजे बिल्डरनं वाढवली, तिथं पगार पण बघितला जातो आणि आडनाव पण. बिल्डरचा माणूस साइटवर पहिलं वाक्य काय बोलतो तर "सगळी आपलीच फॅमिली लोकं आहेत." हे "आपली" फार लवचिक आहे, ते बोलणाऱ्याच्या समोर जो बसलाय त्याच्या मापानं शिवलं जातं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून जात कळत नाही, त्यामुळं मला "म्हणजे मूळचे कुठले? म्हणजे नेमके?" असे दोन प्रश्न जास्तीचे येतात. पूर्वी मी पटकन उत्तर द्यायचो. आता देत नाही, समोरच्याला जरा घाम येऊ देतो.

या सोसायटीत राहून काय होतं? दंगल होत नाही. अगदी खरंय, आणि लोक याच कारणानं तिथं जातात, मी त्यांना दोष देत नाही, लेकरं असलेल्या माणसाला २०१८ नंतर शहाणपण शिकवू नये. पण माझा पोरगा सतरा वर्षांचा झाला आणि त्यानं आजपर्यंत एकाही मुसलमान माणसाशी भाव करून वस्तू घेतलेली नाही, भांडण तर लांबच. शर्ट ॲपवरून येतो, दूध दहा मिनिटांत येतं, देणाऱ्याचं नाव स्क्रीनवर असतं पण दार उघडेपर्यंत तो जिना उतरलेला असतो. पोरगा वाईट नाहीये. तो मोबाइलवर काहीतरी बघतो आणि मला येऊन सांगतो की "त्यांच्यात" असं असतं. मी विचारतो, त्यांच्यात म्हणजे कुणाच्यात, नाव सांग. नाव नसतं. माझ्या वडलांना मुसलमानांबद्दल चांगलं बोलताना मी फार ऐकलं नाही, शिव्या मात्र ऐकल्या, पण त्या सगळ्या शिव्यांना पत्ता होता. अमक्या गल्लीतला तमका, त्यानं माझे तीनशे बुडवले. पत्ता असलेल्या रागाला मी भीत नाही. बिनपत्त्याच्या रागाला भितो.

मग करायचं काय? इथं लोक म्हणतात, जागृती करा, शाळेत धडा ठेवा. ठेवा की. पण मला विचाराल तर पहिलं म्हणजे बाजार वाचवा. रविवारी सकाळी जाफर गेटला जाऊन बघा एकदा. सगळं शहर तिथं येतं आणि कुणीही एकतेसाठी येत नाही. जुने पान्हे, पंख्याचे कॉइल, सायकलीच्या चेनी, कुकरच्या शिट्ट्या, मिरच्या, कोंबड्या. मी मागं एका रविवारी नळाचा ब्रासचा कॉक घ्यायला गेलो होतो. विकणारा म्हातारा, मेंदी लावलेली दाढी, पोत्यावर पन्नास-साठ कॉक मांडलेले, माझ्या शेजारी उकिडवी बसलेली एक लमाण बाई तिच्या मोटरसाठी वॉशर शोधायलेली, आणि पलीकडं निळा गमछा घातलेला एक प्लंबर आम्हा दोघांना न विचारता सल्ला देत होता, "दादा, तो घेऊ नका, त्याचा आटा घासलाय." म्हातारा त्याच्यावर भडकला, "तू क्या मेरे गिऱ्हाईक तोडरा बे!" प्लंबर म्हणाला, चाचा, घासलाय तर घासलाय. म्हाताऱ्यानं कॉक डोळ्याजवळ धरून आटा बघितला, बाजूला टाकला, दुसरा काढला, वीस रुपये कमी केले. पाच मिनिटं. यातलं काही मॉलमध्ये घडत नाही, कारण मॉलमध्ये कुणी कुणाच्या वस्तूवर बोलत नाही.

आणि या बाजारांकडं आपलं सरकार कसं बघतं? अडथळा म्हणून. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे, त्यात लिहिलंय की वॉर्डाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यायचं, शहर फेरीवाला समिती करायची, तिच्यात ४० टक्के माणसं फेरीवाल्यांनी निवडून दिलेली पाहिजेत. कायदा चांगला आहे. पण गावोगाव हातगाडी उचलायची गाडी आधी येते आणि समिती मागून, कधी येतच नाही. रस्ता रुंद झाला पाहिजे हे मला मान्य आहे, ॲम्ब्युलन्सचं मीच वर लिहिलंय. पण जेव्हा हातगाड्या उठवून पाच किलोमीटर लांब "हॉकर्स झोन" करतात, जिथं कुणी फिरकत नाही, तेव्हा गेलेली गोष्ट ट्रॅफिक नसते, जिथं अनोळखी माणसाशी बोलावंच लागतं अशी शेवटची जागा असते. नवीन लेआउट मंजूर करताना ओपन स्पेस सक्तीची असते, तशी दर अमुक घरांमागं आठवडी बाजाराची जागा का सक्तीची नसावी? सोसायटीच्या भिंतीच्या आत नाही, बाहेर, दोन वेगवेगळ्या वस्त्यांच्या सांध्यावर.

घराचं जास्त अवघड आहे. संविधानाचं कलम १५ दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते इथं धर्म-जात बघून अडवायला बंदी घालतं, पण खासगी मालकानं धर्म बघून भाडेकरू नाकारला तर त्याला पकडायला वेगळा सरळ कायदा नाही. उलट २००५ ला गुजरातेतल्या एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सोसायटीला आपल्याच समाजापुरतं सभासदत्व ठेवता येतं. म्हणजे "सोसायटीचं जरा तसं आहे" याला कायद्याचा बऱ्यापैकी टेकू आहे. सिंगापूरनं उलटं केलं, १९८९ पासून तिथल्या सरकारी घरांच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय, भारतीय यांचा कोटा ठरलेला आहे, भरला की त्या समाजाच्या माणसाला तिथं विकत मिळत नाही. माझा एक मित्र याचा फार फॅन आहे. मी नाही. आपल्याकडं असा कोटा आला तर त्याचा दाखला काढायला तहसीलला रांग लागंल, आणि बारक्या समाजांनाच घर विकताना गिऱ्हाईक मिळणार नाही.

मला एक लहान गोष्ट पाहिजे. लेखी. जिथं सरकारी जमीन आहे, सरकारी योजनेची सबसिडी घेतलीय, किंवा जादा एफएसआय, म्हणजे जास्तीच्या बांधकामाची परवानगी, घेतलाय, तिथं भाडेकरू किंवा खरेदीदार नाकारला तर सोसायटीनं कारण लेटरहेडवर लिहून, सही-शिक्का मारून द्यायचं. बास. फोनवर जे चार जणांनी मला इतक्या सहज सांगितलं ते लिहून द्या म्हणलं असतं तर चारातल्या तिघांनी घर दिलं असतं, ही माझी खात्री आहे, कारण ही माणसं दुष्ट नाहीत, आळशी आहेत, आणि त्यांचा भेदभाव पण आळशीच आहे, कागद लागला की ते कंटाळतात.

"माझं घर, माझी मर्जी" असं म्हणणाऱ्यांना मी फार उत्तर देत बसत नाही. मर्जी आहेच. माझ्या वडलांची पण मर्जी होती, त्यांना आपाच्या म्हातारीचं तोंड बघायची इच्छा नसायची कित्येकदा. शर्टाला काज कोण करणार होतं?

आता स्वतःचं सांगतो, नाहीतर हे सगळं फुकटचं होईल. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकानं हळूच विषय काढला की भाडेकरू ठेवताना "वातावरण बघून" ठेवावेत. वातावरण म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. कुणी विरोध केला नाही. मी पण नाही. मी त्या वेळी चहाचा कप खाली ठेवायला जागा शोधत होतो, असं मी स्वतःला सांगतो. ठराव लिहिला गेला नाही, मिनिट्समध्ये नाही, पण तेव्हापासून तो आहे.

आमच्या मजल्यावरचा समोरचा फ्लॅट गेल्या महिन्यात रिकामा झाला. मालक नाशिकला असतो, चावी माझ्याकडं आहे. ऑफिसातल्या त्या पोराचा परवा फोन आला होता, सध्याचं घर लेकराच्या शाळेपासून लांब पडतंय म्हणून. मी नाशिकला फोन लावला, मालक म्हणाला मला काहीच प्रॉब्लेम नाही, फक्त सोसायटीला विचारून घ्या. मी म्हणलं, विचारतो, आणि काय म्हणतात ते लेखी मागतो. तो हसला. येत्या रविवारी सकाळी अकराला मीटिंग आहे, विषय क्रमांक तीन, भाडेकरूंबाबत. जाफर गेटचा बाजार या वेळी बुडणार, आणि मोरीतला नळ परत गळायलाय.